सार्वजनिक बांधकामांवरील निर्वाह वेतन

धरणे, महामार्ग, मेट्रो, क्रीडानगरे अशी मोठी कामे सरकारी पैशाने उभी राहतात. त्यांवर राबणाऱ्या मजुराला नेहमीच्या कामाच्या तासांत कुटुंबासह नीट जगता येईल एवढी कमाई व्हावी, यासाठीची तत्त्वे, कंत्राटातील अटी आणि देखरेख यांचा विचार निर्वाह वेतनाच्या संकल्पनेत होतो. निर्वाह वेतन आणि किमान वेतन एक नव्हे. किमान वेतन कायदा ठरवतो, निर्वाह वेतन घरखर्चावरून काढावे लागते. रिचर्ड आणि मार्था अँकर या संशोधकांच्या पद्धतीत पोषक आहार, राहते घर, औषधपाणी-शिक्षणासारख्या गरजा आणि अडीअडचणीसाठी थोडी शिल्लक यांची बेरीज करून ती घरातील कमावत्या हातांच्या प्रमाणात विभागतात. ओव्हरटाइमची कमाई त्यात धरत नाहीत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या नियामक मंडळाने मार्च २०२४ मध्ये या संकल्पनेवरील सहमतीला मान्यता दिली.

मजुरी घसरते ती मुळात निविदेत. सर्वांत कमी दर भरणाऱ्याला काम द्यायचे, असा नियम असतो. सिमेंट, पोलाद, डिझेल यांचे भाव कंत्राटदाराला फारसे पाडता येत नाहीत, मजुरी मात्र पाडता येते. मग काम मुख्य कंत्राटदाराकडून पोटकंत्राटदाराकडे आणि तिथून मुकादमाकडे जाते, आणि प्रत्येक पायरीवर थोडा वाटा कापला जातो.

दिल्लीत १९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या बांधकामांवर हे उघडपणे दिसले. दिवसाची किमान मजुरी ९.२५ रुपये होती. कंत्राटदार ती जमादारांच्या (मजूर पुरवणाऱ्यांच्या) हाती देत आणि जमादार दर मजुरामागे रोज १ रुपया दस्तुरी, म्हणजे दलाली, ठेवून ८.२५ रुपये वाटत. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या लोकशाही हक्क संघटनेच्या पत्रालाच सर्वोच्च न्यायालयाने याचिका मानले. न्या. पी. एन. भगवती यांच्या निकालाने ठरवले की किमान मजुरीपेक्षा कमी देऊन काम करून घेणे ही संविधानाच्या अनुच्छेद २३ ने मना केलेली वेठ आहे. भूक आणि दारिद्र्य यांनी लादलेली सक्तीही सक्तीच होय. मजूर कंत्राटदाराचे आहेत, असे म्हणून सरकारला अंग काढून घेता येणार नाही, हेही त्यातून स्पष्ट झाले. या विषयात इतके थेट बोलणारे निकाल थोडेच आहेत.

कंत्राटातच वेतनाची अट घालण्याची कल्पना त्याहून जुनी आहे. ब्रिटिश कॉमन्स सभागृहाने १८९१ मध्ये रास्त वेतनाचा ठराव केला (त्याची जागा घेणारा १९४६ चा ठराव १९८३ मध्ये रद्द झाला). अमेरिकेत १९३१ च्या डेव्हिस-बेकन कायद्याने केंद्र सरकारच्या बांधकामांवर त्या भागातील प्रचलित दर बंधनकारक केले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९४९ चा ९४ क्रमांकाचा करार ही अट पोटकंत्राटदारांनाही लावतो, कामाच्या जागी अटींचा फलक लावायला सांगतो, आणि अट मोडल्यास बिल अडवून त्यातून मजुरांचे पैसे भागवण्याची तरतूद करतो. युरोपात मात्र ही वाट अडली होती. जर्मनीच्या एका राज्यात तुरुंगाच्या बांधकामावर पोलिश पोटकंत्राटदाराने कामगार संघटनांशी झालेल्या सामूहिक करारातील वेतनाच्या अर्ध्याहून कमी वेतन दिले, तरी २००८ च्या रुफर्ट निकालात युरोपीय न्यायालयाने त्या राज्याची वेतन-अट अमान्य केली. कायद्याने ठरवलेल्या किमान वेतनाची अट निविदेत घालायला २०१५ मध्ये त्याच न्यायालयाने मोकळीक दिली.

प्रचलित दर आणि निर्वाह वेतन यांत अंतर राहू शकते, हे विसरून चालत नाही. सगळा परिसरच कमी मजुरी देत असेल, तर प्रचलित दरही कमीच निघतो. म्हणून निविदेतच घरखर्चावर आधारलेला तळाचा दर छापणे आणि बोलीदारांची स्पर्धा त्याखेरीज इतर बाबींत ठेवणे, हा मार्ग अधिक भरवशाचा आहे. काम अनेक वर्षे चालणार असेल, तर तो दर महागाईबरोबर वाढायला हवा. सिमेंट-पोलादासाठी भाववाढीची तरतूद करणाऱ्या कंत्राटात मजुरीसाठी ती नसणे अन्यायाचे आहे. काम मिळवून देण्याची दलाली, झोपडीचे भाडे, उचलीची वसुली अशा कपातींनाही मर्यादा लागते, नाहीतर कागदावरचा दर हाती येतच नाही.

देखरेखीचा भार हजेरीपट आणि पगारपत्रकांवर असतो. अमेरिकेत कंत्राटदाराला प्रमाणित पगारपत्रक दर आठवड्याला द्यावे लागते. जर्मनीत पोटकंत्राटदाराने किमान वेतन बुडवले, तर मुख्य कंत्राटदार जामीनदारासारखा बांधील असतो. भारतातील १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने ही जबाबदारी मूळ मालकावर (काम करवून घेणाऱ्या संस्थेवर) टाकली: कंत्राटदाराने थकवलेली मजुरी त्याने आधी द्यायची आणि मग कंत्राटदाराकडून वसूल करायची. सर्वांत कठीण असतो शेवटचा टप्पा. काम संपले की मजूर गावोगावी पांगतात आणि थकबाकी मागायला कोणी उरत नाही. त्यामुळे प्रत्येक मजुराचा हिशेब चुकता झाल्याखेरीज कंत्राटदाराची अनामत रक्कम सोडू नये, ही अट सुरुवातीलाच घालावी लागते.