हेडफोन पारखायचा तर आधी तंबोरा लावा

नाशिकच्या कॉलेज रोडवर किंवा एम. जी. रोडवर महागडा हेडफोन बघायला गेलात, की विक्रेता सहसा दोन गोष्टी करतो. खोक्यावर छापलेलं ‘४० किलोहर्ट्झपर्यंत’ दाखवतो आणि ठोक्यांचं एखादं दणदणीत गाणं मोठ्या आवाजात लावतो. या दोन्हींतून हेडफोनच्या दर्जाबद्दल जवळपास काहीच कळत नाही. माणसाच्या कानाची वरची मर्यादा तरुणपणी २० किलोहर्ट्झच्या आसपास असते आणि वयानुसार ती खाली येत जाते. संगीतातलं जे आपल्याला भावतं, त्यातलं बहुतेक सगळं ५० हर्ट्झ ते १० किलोहर्ट्झ या पट्ट्यात घडतं. हेडफोन बिघडतो तोही याच पट्ट्यात.

दणदणीत गाण्याची अडचण वेगळी. कान सगळ्या वारंवारतांना सारखा दाद देत नाही आणि हा फरक आवाजाच्या पातळीनुसार बदलतो. बेल लॅबोरेटरीजमधल्या हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून मांडलं. आवाज हळू असला की खर्ज, म्हणजे खालच्या वारंवारता, कानाला फार कमी जाणवतो. आवाज वाढवला की तो परत भरून येतो. म्हणून दोन हेडफोनांपैकी जो जरासा मोठा वाजतो, तोच भरदार आणि मोकळा वाटतो. एखाद्या डेसिबलचा फरक ‘हा मोठा वाजतोय’ असा लक्षात येत नाही, ‘हा चांगला वाजतोय’ असा जाणवतो. तुलनेआधी पातळी जुळवलीच पाहिजे.

त्यासाठी घरात पडलेली जुनी सीडी पुरते. हेडफोनचा कप सीडीवर असा दाबा की गादी चहूबाजूंनी टेकेल आणि सीडीचं १५ मिलिमीटरचं छिद्र कपाच्या मध्याशी येईल. छिद्राला मागून फोनचा माइक लावा, ध्वनिपातळी दाखवणारं एखादं मोफत ॲप उघडा आणि लॅपटॉपवरून पिंक नॉइज वाजवा. प्रत्येक सप्तकात सारखी ऊर्जा असलेला हा सळसळाट इंटरनेटवर सहज मिळतो. दोन्ही हेडफोनांचे आकडे अर्ध्या डेसिबलच्या आत आणून प्लेअरच्या सरकपट्टीची जागा टिपून ठेवा. फोनवरून वाजवू नये, कारण त्याच्या व्हॉल्यूमच्या एकेका पायरीत दोन-तीन डेसिबलचा फरक असू शकतो. ॲपचा आकडा खरा नसला तरी चालेल, आपल्याला फक्त दोघांतला फरक हवा आहे. इक्वलायझर, बेस बूस्ट, डॉल्बी ॲटमॉस असं जे काही चालू असेल ते बंद करा. कानात खुपसायच्या इअरफोनला मात्र ही युक्ती चालत नाही.

आता मुख्य मुद्दा. चांगल्या हेडफोनचा आलेख सपाट असतो, म्हणजे तो सगळ्या वारंवारता सारख्याच जोराने कानाच्या पडद्यापर्यंत पोहोचवतो, अशी समजूत आहे. असा हेडफोन बनवला तर तो कोंदट लागेल, गायक मागच्या खोलीत बसल्यासारखा वाटेल. याचं कारण कानाच्या नळीत आहे.

ही नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब, बाहेरून उघडी आणि आतून पडद्याने बंद. एका टोकाला बंद असलेल्या नळीत तिच्या लांबीच्या चौपट तरंगलांबीचा ध्वनी घुमतो. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर आणि तरंगलांबी ०.१ मीटर धरली, तर उत्तर येतं ३४०० हर्ट्झ. पेनाच्या टोपणात फुंकर मारल्यावर निघणारी शिटी याच नियमाने निघते. प्रत्यक्षात नळी कानाच्या पाळीच्या खोलगट वाटीत उघडते, त्यामुळे ती थोडी जास्त लांब असल्यासारखी वागते आणि घुमण्याची जागा ३००० हर्ट्झच्या जवळ, बहुतेकांत किंचित खालीच येते. वाटीची भर धरून तिथे पडद्यापाशी १५ डेसिबलच्या आसपास वाढ मिळते. ध्वनिदाबाच्या हिशेबात पाचपटीहून जास्त. समोर बसलेल्या गायकाचा आवाज ही वाढ घेऊनच मेंदूपर्यंत जातो आणि मेंदूला जन्मापासून तसंच ऐकण्याची सवय आहे.

इअरफोन नळीचं तोंडच बुजवतो, त्यामुळे उघड्या नळीचा हा अनुनाद उरत नाही. मोठ्या कपाच्या हेडफोनमध्ये नळी आणि पाळी जागेवर असतात, पण ध्वनी समोरून न येता दोन सेंटिमीटरवरून, बाजूने येतो. दोन्ही बाबतींत पडद्यापाशी तीन किलोहर्ट्झला योग्य उंचवटा मिळेल याची सोय निर्मात्यालाच करावी लागते. किती उंच? ध्वनियंत्रं बनवणाऱ्या हरमन कंपनीतले शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी २०१३ च्या सुमारास अनेक श्रोत्यांच्या पसंतीवरून एक लक्ष्यरेषा काढली: खर्जात थोडा उठाव, मग एक किलोहर्ट्झपर्यंत साधारण सपाट, तीनच्या आसपास डोंगर आणि पुढे उतार. ती सरासरी आहे. तुमच्या नळीची लांबी आणि पाळीची घडण सरासरी नसेल, तर मित्राला आवडलेला हेडफोन तुम्हाला बोचू शकतो आणि दोघेही बरोबर असता.

हा उंचवटा ठीक आहे की नाही हे कानाने ओळखायला तंबोऱ्यासारखं वाद्य नाही. काळी एकमध्ये लावलेल्या तंबोऱ्यात जोडीच्या तारा १३८.६ हर्ट्झच्या आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्याची, ६९.३ हर्ट्झची. या खर्जाच्या पटीतल्या वारंवारता, म्हणजे संनादी, दर ६९.३ हर्ट्झला एक अशा कंगव्याच्या दातांसारख्या उभ्या असतात. दोन ते चार किलोहर्ट्झ या पट्ट्यात एकट्या खर्जाचेच २९ संनादी येतात, पंचमाचे त्यात वेगळे. साध्या तारेत इतके वरचे संनादी झटकन विरतात. तंबोऱ्यात मात्र तार घोडीच्या किंचित बाकदार पाठीला घासत कंप पावते आणि तार आणि घोडी यांच्यामध्ये सरकवलेल्या जवारीच्या धाग्यामुळे तो स्पर्श नेमका जमतो. त्यामुळे ऊर्जा एका संनादीकडून दुसऱ्याकडे सतत सरकत राहते. तार जिथे छेडली तिथे ज्या संनादीचा निस्पंद (न हलणारा) बिंदू असतो, तो संनादी नियमाप्रमाणे उमटूच नये. तंबोऱ्यात तोही उमटतो, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये दाखवलं. म्हणजे आपल्या हाती नेमक्या हव्या त्या पट्ट्यात सगळे दात शाबूत असलेली, सतत हलती कसोटी आली.

उत्तम माइकने ध्वनिमुद्रित केलेला खरा तंबोरा पाच मिनिटं ऐका. ॲपमधला नको, त्यातल्या अनेकांत तोच छोटा तुकडा फिरून फिरून येतो. उंचवटा कमी असेल तर जवारीचा धागा काढून घेतल्यासारखा तंबोरा मुका होतो. चार-पाच डेसिबलने जास्त असेल तर लाकूड आणि भोपळा गायब होऊन नुसती तार ऐकू येते. पाच-सहा किलोहर्ट्झला अरुंद सुळका असेल तर प्रत्येक आवर्तनात एकच बारीक शिटी त्याच जागी डोकावते. हे नीट ओळखू यायला खरा तंबोरा माइकशिवाय ऐकलेला असावा लागतो. कालिदास कलामंदिरात तो ध्वनिवर्धकातून येतो, म्हणून एखाद्या गायनवर्गात किंवा घरगुती बैठकीत हात-दोन हातांवरून ऐकावा.

तंबोऱ्याने खर्ज मात्र तपासता येत नाही. ६९ हर्ट्झचा मूळ स्वर त्यात मुळातच दुबळा असतो. वरच्या संनादींवरून मेंदू तो स्वतः उभा करतो. फोनच्या बारीकशा स्पीकरवरही खर्ज ‘ऐकू’ येतो तो त्यामुळे. खर्जासाठी डग्ग्याचा घिस्सा घ्यावा. मनगटाच्या दाबाने स्वर खालून वर सरकतो, त्या वाटेवर जोर एकसारखा राहायला हवा. एखाद्या ठिकाणी तो फुगला तर तिथे हेडफोनचा आलेख फुगलेला आहे. सगळाच डग्गा पोकळ वाटला तर हेडफोनला दोष देण्याआधी कप तळव्याने हलकेच दाबून बघा. बंद कपाच्या हेडफोनमध्ये चष्म्याच्या काडीमुळे गादीखाली फट राहते आणि खर्ज तिथून निसटतो. इअरफोनच्या बाबतीत रबरी टोपी एका मापाने मोठी घालून बघावी.

नाशिक ढोल यासाठी वापरायचा मोह होतो, पण मिरवणुकीत फोनवर घेतलेल्या ध्वनिमुद्रणांचा उपयोग नाही. फोन पातळी आपोआप दाबतो, ठोक्याचं शिखर कापलं जातं आणि ताशाची करकर ही फाइलचीच असते.

वरच्या पट्टीसाठी मराठीत फार चांगली सोय आहे. ‘चांदणे’मधला दंत्य च आणि ‘चंद्र’मधला तालव्य च यांत फरक आहे तो मुख्यतः घर्षणाच्या वारंवारतेचा, दंत्य च वर चढतो. कवितावाचनात किंवा भावगीतात हे दोन्ही च सारखेच ऐकू आले तर हेडफोन तिथे खचलेला आहे. दंत्य च आणि स टोचू लागले तर तिथे सुळका आहे.

दोन्ही बाजू जुळतात का हे पाहायला मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज देणारं ध्वनिमुद्रण घ्यावं. १९२१ मध्ये नाशिकमध्ये जन्मलेले आणि १९५५ मध्ये फार लवकर गेलेले गायक दत्तात्रय विष्णू पलुस्कर यांची ध्वनिमुद्रणं त्या काळातली, म्हणून मोनो. (नंतर कृत्रिम स्टीरिओ केलेली प्रत टाळावी.) गळा डोक्याच्या बरोबर मधोमध राहायला हवा, मंद्रातही आणि तार सप्तकातही. वर जाताना तो एका बाजूला सरकला तर हेडफोन उलटा घाला. सरकण्याची बाजू बदलली तर दोष हेडफोनचा. त्याच बाजूला राहिली तर तुमच्या एका कानात मळ आहे किंवा दोन कानांची श्रवणशक्ती सारखी नाही.

राहिली चांदीची केबल, जिने आवाज सुधारतो असं सांगितलं जातं. साध्या केबलचा रोध अर्धा ओहम धरला तरी ३२ ओहमच्या हेडफोनवर त्याने पातळी सुमारे ०.१३ डेसिबलने घटते, ३०० ओहमवर ०.०१४ ने. शंभर तास ‘वाजवून मुरवण्या’चंही तसंच आहे, त्या तासांत मऊ होते ती गादी आणि सरावतो तो मेंदू. केबलने फरक पडतो असं तरीही वाटत असेल तर घरातल्या कुणाला तरी नाणं उडवून, तुम्हाला न दिसता केबल बदलायला सांगा आणि १६ वेळा ओळखून दाखवा. निव्वळ अंदाजाने १२ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता शंभरात चारच्या आत आहे, म्हणून १२ ला फरक मान्य करावा. त्याहून कमी आले तर ते पैसे नव्या गाद्यांना घालावेत: दबलेली गादी बदलल्याने खर्जात पडणारा फरक सीडी आणि फोनच्या माइकलाही दिसतो.