ब्रिटनमधली कुटुंबं आणि समुद्रावरची गळाची मासेमारी : पार्श्वभूमी

उन्हाळ्यात व्हिटबी, वेमथ, ब्रिक्सम अशा ब्रिटिश बंदरांत धक्क्यावर फलक उभे असतात. मॅकरलसाठी दोन तासांची फेरी, काठ्या आणि गळ बोटीवरच मिळतील. तिकीट काढून चढणाऱ्यांत आजोबा असतात, त्यांची नात असते आणि मासेमारीची काडीचीही हौस नसलेली, पण घरचे सगळे निघाले म्हणून आलेली माणसंही असतात. मॅकरल हा आपल्या बांगड्याचा थंड पाण्यातला नातेवाईक. एका दोरीला रंगीत पिसं बांधलेले चार-सहा गळ लावायचे, दोरी खाली सोडायची आणि हात वरखाली करत राहायचं. थवा सापडला तर एकाच ओढीत तीन-चार मासे वर येतात. नवख्याला आणि लहान मुलालाही जमेल अशी याहून सोपी मासेमारी नाही.

हा छंद बड्या लोकांनी सुरू केला आणि हळूहळू सामान्यांपर्यंत पोचला, अशी त्याची गोष्ट बऱ्याचदा सांगितली जाते. मला ती अर्धीच खरी वाटते. गळाच्या काठ्या, क्लब, विक्रमांच्या नोंदी हे वरून आलं हे खरं. पण सगळं घर समुद्राशी बांधलेलं असणं, बोट, तांडेल आणि पाण्याची जाण हे सगळं किनाऱ्यावरच्या कष्टकरी घरांनी दिलं. त्या घरांचा इतिहास बाजूला ठेवला तर आजची ही सहल समजत नाही.

एकोणिसाव्या शतकातल्या यॉर्कशरच्या किनाऱ्यावरचं एखादं घर घ्या. स्टेथ्स, फायली, फ्लॅम्बरो या गावांत पुरुष कोबल नावाच्या सपाट बुडाच्या होड्या घेऊन समुद्रात जात आणि शेकडो गळ लावलेल्या लांब दोऱ्या टाकत. त्या प्रत्येक गळाला आमिष लावायचं काम घरात व्हायचं. बायका आणि मुली ओहोटीला खडकांवर जाऊन शिंपले खरवडून आणत. जवळचे खडक रिकामे झाले की मैलोन्मैल चालत पुढच्या खडकांवर जात. मग चुलीजवळ बसून शिंपले सोलायचे, एकेका गळाला मांस अडकवायचं आणि गुंता होणार नाही अशा बेताने दोरी गुंडाळून ठेवायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. व्हिटबीचा छायाचित्रकार फ्रँक मेडो सटक्लिफ याने त्या काळात या लोकांची जी छायाचित्रं काढली, त्यांत बायका, मुलं आणि म्हातारी माणसं एवढी का दिसतात याचं उत्तर इथे आहे. मासेमारी हा पूर्ण घराचा धंदा होता, होडीत बसणारे त्यातले फक्त काही जण.

हेरिंग हा थव्याने फिरणारा छोटा मासा. तो साफ करून खारवणाऱ्या स्कॉटलंडच्या हेरिंग मुलींचं आयुष्य तर याहून फिरतं होतं. हेरिंगचे थवे ऋतूनुसार शेटलंडपासून दक्षिणेकडे सरकत. त्यांच्यामागे बोटी, आणि बोटींच्या मागे रेल्वेने या मुली ग्रेट यारमथ आणि लोस्टॉफ्टपर्यंत येत. तिघींचा एक गट असे, दोघी माशांची पोटं साफ करणाऱ्या आणि तिसरी मिठाचे थर देत पिंपात भरणारी. सुरी लागू नये म्हणून बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या असत, तरी जखमा व्हायच्या आणि त्यांत मीठ जायचं. काम नसताना हातात विणकाम. 1913 च्या हंगामात एकट्या यारमथला हजाराहून जास्त हेरिंगच्या बोटी होत्या. आई, मावशी आणि धाकटी मुलगी एकाच वेळी त्या धक्क्यावर उभ्या असणं ही साधी गोष्ट होती.

या धंद्यात मरणही घरादाराचं असायचं. 14 ऑक्टोबर 1881 रोजी स्कॉटलंडच्या आग्नेय किनाऱ्यावर अचानक वादळ आलं आणि 189 मच्छीमार बुडाले. त्यांतले 129 एका आयमथ गावाचे होते. काही होड्या बंदराच्या तोंडाशी, किनाऱ्यावर उभ्या असलेल्या बायकामुलांच्या डोळ्यांसमोर उलटल्या.

याच दशकांत त्याच किनाऱ्यांवर दुसरी माणसंही येऊ लागली होती. 1841 मध्ये ब्रायटनला, 1845 मध्ये स्कारबरोला आणि 1846 मध्ये ब्लॅकपूलला रेल्वे पोचली. 1871 च्या बँक सुट्ट्यांच्या कायद्याने उन्हाळ्यातला एक सोमवार मोकळा झाला. लँकशरच्या गिरण्या तर वर्षातून एक आठवडा पूर्ण बंद राहत आणि अख्खं गाव समुद्राकडे निघे. तिथे त्यांच्यासाठी लोखंडी पिअर उभे राहिले होते. आधी आगबोटींच्या धक्क्यांसाठी आणि मग फिरण्यासाठी बांधलेले हे पूल पाण्यात खोलवर जात, त्यामुळे होडी नसलेल्या माणसालाही खोल पाण्यात गळ सोडता येऊ लागला. साउथएंडचा पिअर तर दोन किलोमीटरहून लांब आहे. सूतगिरणीतल्या कामगाराने शिलिंगभर खर्चात मुलाच्या हाती दोरी द्यावी, हे पिअरमुळे शक्य झालं.

यॉर्कशरच्या मच्छीमारांनी ही गर्दी लगेच ओळखली. उन्हाळ्यात लांब दोऱ्यांची मिळकत कमी असायची. मग तीच कोबल धुऊन-पुसून पाहुण्यांना फिरवायला आणि गळ टाकायला नेली जाऊ लागली. कष्टाची होडी आणि सुट्टीची होडी एकच झाली ती इथे. आजच्या दोन तासांच्या फेरीचं मूळ मी या होड्यांमध्ये पाहतो.

हौशी लोकांची संघटना जरा नंतरची. 1893 मध्ये लंडनमध्ये ब्रिटिश सी अँग्लर्स सोसायटी स्थापन झाली (अँग्लर म्हणजे हौसेने गळ टाकणारा). एफ. जी. अफ्लालो हे निसर्गलेखक तिच्या संस्थापकांपैकी एक. 1904 मध्ये सागरी अँग्लरांचा राष्ट्रीय महासंघ आला, जो 2009 मध्ये आजच्या अँग्लिंग ट्रस्टमध्ये विलीन झाला. या मंडळींनी स्पर्धांचे नियम आणि विक्रमांच्या नोंदी लावून दिल्या. त्यांचा झगमगाटाचा काळ म्हणजे 1930 च्या दशकातलं स्कारबरो. हेरिंगच्या थव्यांमागे येणारे प्रचंड ट्यूना उत्तर समुद्रात दिसू लागले आणि श्रीमंत लोक खाजगी नौका घेऊन तिथे आले. 1933 मध्ये लॉरेन्स मिचेल-हेन्री यांनी काठीवर 851 पौंडांचा, म्हणजे सुमारे 386 किलोंचा ट्यूना धरला. ज्या कुटुंबांना ती नौका कधीच परवडली नसती, ती धक्क्यावर टांगलेला मासा बघायला गर्दी करत. 1950 च्या दशकात हे ट्यूना दिसेनासे झाले.

पगारी सुट्टीचा कायदा 1938 मध्ये झाला, आणि पुढच्याच वर्षी युद्ध सुरू झालं. किनाऱ्यांवर काटेरी तारा आणि सुरुंग आले. शत्रूला उतरता येऊ नये म्हणून अनेक पिअर मधोमध तोडले गेले. केंटमधल्या डीलचा पिअर 1940 च्या सुरुवातीला नोरा हे डच जहाज आदळून मोडला. तो पुन्हा बांधला गेला आणि 1957 मध्ये उघडला. त्याच्या टोकाला आजही गळ टाकून बसलेली माणसं दिसतात, हिवाळ्यात तर जास्तच.

त्यानंतरची पंचवीस-तीस वर्षं म्हणजे कुटुंबांच्या सागरी मासेमारीचा सर्वांत भरलेला काळ. पगारी सुट्टी होती, हळूहळू दारात मोटार आली, फायबरग्लासच्या काठ्या स्वस्त झाल्या. निसर्गानेही साथ दिली. 1960 च्या दशकापासून उत्तर समुद्रात कॉड, हॅडॉक आणि व्हाइटिंग या माशांची संख्या अफाट वाढली. हिवाळ्याच्या रात्री डंजनेसच्या गोट्यांच्या किनाऱ्यावरून कॉड मिळू लागला. कोळसा खाणी आणि पोलाद कारखान्यांतल्या कामगारांचे क्लब बस करून ब्रिडलिंग्टनला आणि व्हिटबीला जात. आदल्या ओहोटीला चिखलातून समुद्री गांडुळं खणून आणायचं काम बहुधा मुलांकडे असे. शिंपले खरवडणाऱ्या पोरींनंतर शंभर वर्षांनी, आमिष पुन्हा मुलांच्याच हातात आलं होतं. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की आता न खणलं तर कुणी उपाशी राहणार नव्हतं.

धंद्याच्या बाजूला मात्र जुनीच भीती होती. हल या बंदरातल्या हेसल रोड वस्तीत ट्रॉलरवरचा, म्हणजे जाळं ओढत नेणाऱ्या मोठ्या बोटीवरचा, नवरा तीन आठवडे आइसलंडच्या किंवा त्याही पलीकडच्या पाण्यात असे आणि दोन-तीन दिवस घरी. त्या दिवसांत तो खिसा रिकामा करेपर्यंत खर्च करी. तो निघायच्या दिवशी बायको कपडे धूत नसे, धुतले तर लाट त्याला ओढून नेईल म्हणून. निरोपाला धक्क्यावर जाणंही अशुभ. 1968 च्या जानेवारी-फेब्रुवारीत सेंट रोमॅनस, किंग्स्टन पेरिडॉट आणि रॉस क्लीव्हलंड या तीन ट्रॉलर लागोपाठ बुडाल्या आणि 58 माणसं गेली. तेव्हा लिलियन बिलोका यांच्या पुढाकाराने याच बायका धक्क्यावर उतरल्या, हजारो सह्या गोळा केल्या, थेट लंडनला मंत्र्यांकडे गेल्या. प्रत्येक जहाजावर रेडिओ चालवणारा माणूस हवा, ही त्यांची मुख्य मागण्यांपैकी एक. सरकारला सुरक्षेचे नियम बदलावे लागले. ब्रिटनच्या मासेमारीच्या इतिहासात घराने इतक्या स्पष्टपणे आवाज उठवल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही, आणि त्या बायकांना त्यांच्या शहराने बरीच वर्षं पुरेसा मान दिला नाही याचं वाईट वाटतं.

मग 1976 मध्ये आइसलंडबरोबर मासेमारीच्या हद्दीवरून चाललेला तिसरा कॉड संघर्ष संपला. आइसलंडची दोनशे सागरी मैलांची हद्द ब्रिटनला मान्य करावी लागली आणि हल, ग्रिम्सबी, फ्लीटवूड इथल्या दूरच्या पाण्यात जाणाऱ्या ट्रॉलर काम नसल्याने धक्क्याला बांधल्या गेल्या. 1977 मध्ये उत्तर समुद्रातली हेरिंगची मासेमारीही काही वर्षांसाठी बंद झाली. मासे धरण्याचे ठरवून दिलेले कोटे कमी होत गेले तसा किनाऱ्यालगतच्या छोट्या बोटींच्या मालकांनी माणसं नेण्याचा धंदा वाढवला. दक्षिण-पश्चिमेत बुडालेल्या जहाजांच्या सांगाड्यांवर काँगर, लिंग आणि पोलॅक या जातींचे मासे धरायच्या दिवसभराच्या फेऱ्या सुरू झाल्या. त्या जागा डेका या रेडिओ यंत्रणेच्या आकड्यांवरून सापडत आणि तांडेल ते आकडे जिवापाड जपत. अशा बोटीवर साधारणपणे बाराच पाहुणे नेता येतात, म्हणून दोन कुटुंबांनी मिळून अख्खी बोट घेण्याची पद्धत रुळली.

एक गोष्ट या सगळ्या काळात बदलली नाही. इंग्लंडमध्ये नदी-तळ्यात गळ टाकायला 13 वर्षांच्या आणि त्यापुढच्या प्रत्येकाला परवाना लागतो, समुद्रात लागत नाही. भरती-ओहोटीच्या पाण्यात मासे धरायचा हक्क सगळ्यांचा, आणि त्याचं मूळ राजाच्या अधिकारांना मर्यादा घालणाऱ्या 1215 च्या मॅग्ना कार्टा या सनदेपर्यंत नेलं जातं. 2007 मध्ये सागरी कायद्याच्या तयारीत अशा परवान्याचा विचार पुढे आला होता, तो नंतर सोडून देण्यात आला. ते बरंच झालं असं मी मानतो. वर्षातून दोनदा पिअरवर येणाऱ्या बाईला आणि तिच्या मुलांना आधी अर्ज भरायला लावला असता, तर त्यांतली कितीतरी आलीच नसती. 2012 च्या सरकारी पाहणीत इंग्लंडमध्ये समुद्रात गळ टाकणारे प्रौढ 8 लाख 84 हजार आढळले. इतकी माणसं बिनपरवाना पाण्याशी जोडलेली आहेत, ही त्या हक्काची किंमत.

हक्काबरोबर मर्यादा मात्र आल्या आहेत. धरलेले मासे विकता येत नाहीत, घरी खायचे. बास या माशाची संख्या घसरली तेव्हा 2015 मध्ये त्याची किमान लांबी 36 वरून 42 सेंटिमीटर झाली आणि एका माणसाने दिवसाला किती ठेवायचे यावरही बंधन आलं. पुढे काही काळ तर तो धरून सोडूनच द्यावा लागे. अनेक अँग्लर चिडले, कारण जाळ्यांनी केलेल्या नुकसानीची शिक्षा आपल्याला का, असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न रास्त आहे, तरी लहान बास परत सोडण्याची सवय त्या नियमाने घराघरात नेली. ट्यूनाही दक्षिण-पश्चिमेच्या पाण्यात परतला आहे. 2024 पासून इंग्लंडमध्ये तो काठीने धरता येतो, पण त्यासाठी बोटीला परवाना लागतो आणि मासा लगेच पाण्यात सोडावा लागतो.

मॅकरल मात्र त्याच दिवशी तव्यावर पडतो. त्याचं तेलकट मांस इतक्या लवकर खराब होतं की सतराव्या शतकाच्या अखेरीस तो रविवारीही विकायची खास मुभा कायद्याने दिली होती. फेरीवरून परतताना खलाशी बोटीवरच मासे साफ करून देतो, मागे सीगल घिरट्या घालतात, आणि संध्याकाळी मुलांना स्वतः ओढलेला मासा जेवणात मिळतो. कित्येक शहरी घरांत वर्षभरात खाल्लेल्या माशांपैकी, कुठून आला हे सांगता येईल असा तेवढाच एक.