लाखेच्या खुर्चीला सॅनिटायझर लावू नका
(मुलांच्या लाखकामाच्या वस्तू घेणाऱ्यांसाठी माहितीपत्रक)

आमच्याकडून मुलांची खुर्ची, पाळणा, पांगुळगाडा किंवा साधा खुळखुळा नेणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीत हे पत्रक असतं. फोनवर तेच चार-पाच प्रश्न येतात आणि त्यातल्या बहुतेकांचं उत्तर एकच आहे: लाखेची कांडी फिरत्या लाकडावरच चालते.

खुर्चीचा कातलेला पाय लेथवर, म्हणजे लाकूड फिरवायच्या यंत्रावर, गरागरा फिरत असतो. कारागीर रंग मिसळलेली लाखेची कांडी त्यावर दाबून धरतो. घर्षणाने लाकूड तापतं, लाख वितळते आणि अंगावर ओढली जाते. मग केवड्याचं पान दाबून ती सारखी करायची की झाली चकाकी. ब्रश नाही, थिनर नाही, वाळत घालणं नाही. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणी याच तऱ्हेने होतात.

मग बसायची फळी रंगीत का नाही?

कारण चौकोनी फळी लेथवर कातून लाखता येत नाही. गोल स्टुलाची फळी लेथवर मावत असेल तर तिला लाखेचा काठ देतो, तेवढंच. सपाट पृष्ठभागावर लाख लावताच येत नाही असं नाही. सावंतवाडीच्या गंजिफ्यांवर, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांवर, लाखेचा हात असतोच. पण ती विरघळवलेली लाख, पातळ हात. मूल दिवसातून पन्नास वेळा जिथे बसणार, पाय देऊन चढणार आणि वरणभात सांडणार, तिथे ती टिकत नाही. म्हणून फळीला आम्ही कच्चं अळशीचं तेल आणि मधमाशीचं मेण देतो. लाकडाची नक्षी दिसते आणि ओरखडा पडला तर घरीच पुन्हा मेण लावता येतं.

मोबाइलवर सगळ्या बाजूंनी लालभडक असलेल्या चौकोनी पलंगाचा फोटो दाखवून ‘असंच लाखकाम हवं’ म्हणणारे बरेच येतात. तो बहुधा ऑइलपेंट किंवा फवारलेला पीयू (पॉलियुरेथेनचा लेप) असतो. वाईट नसतो, पण ते लाखकाम नव्हे, आणि ‘लाखेचं’ म्हणून तो आम्ही विकणार नाही.

आता मुख्य गोष्ट

आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या वस्तूंपैकी सर्वांत जास्त वस्तू एकाच कारणाने येतात: कुणीतरी सॅनिटायझरने पुसलेल्या असतात.

लाख पाण्यात विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळते. जुने सुतार चपडा लाख स्पिरिटमध्ये भिजत घालून पॉलिश करतात ते याच जोरावर. सॅनिटायझर म्हणजे मुख्यतः अल्कोहोलच. २०२० पासून घरोघरी दाराशी बाटली आली आणि ‘बाळाची वस्तू आहे, निर्जंतुक करू’ म्हणून पहिला फवारा खुर्चीवर जातो. अत्तर, आफ्टरशेव्ह, स्पिरिटचा बोळा, अल्कोहोल असलेले वाइप्स हे सगळे त्याच जातीचे. धुण्याचा सोडा आणि अमोनियावाला काचेचा क्लीनरही लाखेला नको, कारण क्षारातही ती सुटते.

मध्यंतरी एक ताई खुर्ची घेऊन आल्या. हाताच्या दांडीवर पिवळ्या, लाल आणि हिरव्या पट्ट्या होत्या. लालाचा ओघळ पिवळ्यात उतरला होता आणि मधोमध अंगठ्याचा ठसा, रेषा मोजता येतील इतका स्पष्ट. सोबत पुरावा म्हणून गुलाबी झालेला कापूस. ‘रंग कच्चा आहे तुमचा.’ आम्ही दुसरी दांडी ओल्या फडक्याने त्यांच्यासमोर घासून दाखवली. फडकं पांढरंच राहिलं. मग बोटभर सॅनिटायझर लावला आणि तिघांनी मिळून तो ठसा कसा उमटतो ते पाहिलं. ती दांडी अर्थात आमच्या खर्चाने पुन्हा केली.

‘एवढासा डाग आहे, इथेच लाख लावून द्या’ असं म्हणतात. तिथेच घोडं अडतं. लाख चढवायची तर दांडी फिरायला हवी, फिरायची तर ती खुर्चीतून सुटायला हवी. सांधा सोडवायचा, दांडी लेथवर धरायची, जुनी लाख खरवडायची, पट्ट्या नव्याने ओढायच्या. नव्या पट्ट्या वर्षभर वापरलेल्या शेजारच्या दांडीपेक्षा उजळ दिसतात, म्हणून बहुतेकदा जोडीची दांडीही करावी लागते. बाटलीच्या एका फवाऱ्याचं हे दोन आठवड्यांचं काम. तेवढ्यात नवी खुर्ची होते, आणि रांगेतल्या दुसऱ्या कुणाचा पाळणा मागे पडतो.

हे लक्षात आल्यावर आम्ही रचनाच बदलली. आमच्या खुर्च्यांचे पाय आणि हाताच्या दांड्या आता फळीच्या खालून बोल्टने बसवलेल्या असतात. बिघडला तेवढाच भाग काढून कुरिअरने पाठवा, अख्खी खुर्ची नको. बाजारात सांधे फेविकॉलने कायमचे चिकटवलेल्या खुर्च्या मिळतात, त्यांना ही सोय नसते. घेताना खुर्ची उलटी करून बघा.

मग पुसायचं कशाने?

कोरड्या सुती फडक्याने. चिकट झालं असेल तर फडकं कोमट पाण्यात घट्ट पिळून पुसा आणि लगेच कोरडं करा. मूल आजारी असताना जास्त स्वच्छ करायचंच असेल तर साबणाचं सौम्य पाणी, त्याच पिळलेल्या फडक्याने. पाणी साचून पांढुरका डाग आला तर घाबरू नका आणि घासूही नका. हवेवर ठेवा, हलका असेल तर काही दिवसांत आपोआप जातो.

लाख तापली की मऊ होते. गरम दुधाचा स्टीलचा पेला दांडीला टेकवू नका. उन्हाळ्यात वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळून गाडीच्या डिकीत ठेवू नका. एका पांगुळगाड्याच्या चाकावर राशिभविष्याचा अर्धा रकाना उलटा छापून आला होता. हळदीचा पिवळा रंग उन्हाने विटतो, तो दोष नव्हे, हळदीचा स्वभाव आहे. खिडकीशी ठेवणार असाल तर आधी सांगा, दुसरी छटा सुचवू.

चोखलं तर?

चोखणारच. लाख ही किड्याने झाडावर केलेली राळ. पळस, बोर आणि कुसुमावर ती पोसली जाते. औषधाच्या गोळ्यांवर आणि मिठायांवरही तिचा लेप असतो. पण ‘लाख आहे म्हणजे निर्धोक’ असं आम्ही म्हणत नाही. प्रश्न लाखेत काय मिसळलंय याचा आहे. झगझगीत पिवळ्या-केशरी रंगांत पूर्वीपासून शिशाची रंगद्रव्यं वापरली जातात. कुणाहीकडून घ्या, रंग कशाचा हे विचारा. आम्ही हळद, नीळ, कात आणि खाद्यरंग वापरतो, म्हणून आमच्याकडे निऑन छटा मिळत नाहीत.

तीन वर्षांखालच्या मुलांसाठी सुटे मणी लावत नाही, आग्रह केला तरी. खेळण्यांच्या भारतीय मानकात बारीक भाग तपासायचं नळकांडं ३१.७ मिलिमीटर व्यासाचं असतं. त्यात मावणारा तुकडा घशातही जाऊ शकतो. पाळण्याच्या कांबांमधली फट ६ सेंटिमीटरच्या आत ठेवतो. ‘जरा मोकळं दिसू दे’ ही विनंती तेवढी करू नका.

ऑर्डर देताना

वय सांगू नका, माप सांगा. तीन वर्षांची दोन मुलं शेजारी उभी करा, कळेल. मुलाला पाय जमिनीवर सपाट टेकतील असं बसवा आणि जमिनीपासून गुडघ्याच्या लवणीपर्यंत अनवाणी मोजा. फळीची उंची तीच, वाढीला फार तर बोटभर. ‘दोन वर्षं चालेल अशी मोठी करा’ म्हटलं की पाय लोंबकळतात आणि खुर्चीवर कपड्यांचा ढीग बसतो. मूल वाढलं की पाय तेवढे लांब करून देतो, बोल्ट त्यासाठीही आहेत.

लाकूड आम्ही ठरवतो. पांगारा हलका आणि मऊ, खेळण्याला छान, खुर्चीच्या पायाला नाही. पावसाळ्यात मुदत थोडी जास्त लागते, कारण ओलसर लाकडावर चढवलेली लाख पुढे तडकते.

आणि पायाच्या तळाशी मधोमध बारीक खड्डा दिसेल. ती कीड नाही. लेथने पाय तिथे धरलेला असतो. एम-सीलने बुजवू नका, रबरी बूच बसवायचं असेल तर खुशाल बसवा. पुन्हा लाखायची वेळ आली तर पाय त्याच खड्ड्यावर फिरणार आहे.