प्रश्न विचारणारा व्हिडिओ आणि परिणाम दाखवणारा व्हिडिओ

वाळूज, शेंद्रा किंवा जालन्याच्या एमआयडीसीत ट्रेनिंग बघणाऱ्यांशी बोललं की हमखास ऐकू येतं, "आमच्या कोर्समध्ये सिम्युलेशन आहे." सिम्युलेशन म्हणजे तुमच्या निवडीप्रमाणे पुढचा प्रसंग बदलायला हवा. पण कोर्स उघडला की दिसतो मध्येमध्ये थांबून प्रश्न विचारणारा व्हिडिओ. त्याला इंटरॲक्टिव्ह व्हिडिओ म्हणतात. सिम्युलेशनचे पैसे मोजून हाच माल घेतला जातो आणि मशीनवरच्या ऑपरेटरचं नुकसान होतं, याची मला खरंच चीड येते.

इंटरॲक्टिव्ह व्हिडिओ तुम्हाला माहीत आहेच: थांबा, टिक करा, पुढे चला. हेल्मेट-गॉगलचे नियम, गेज कसं वाचायचं, मशीन सुरू करण्याआधीची चेकलिस्ट यासाठी तो पुरेसा आहे. अशा विषयांवर सिम्युलेशन करणं म्हणजे पैसे पाण्यात.

खरा घोळ पुढे आहे. पॉवर प्रेसच्या (पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशीनच्या) डायमध्ये, म्हणजे साच्यात, जॉब अडकलाय, असा प्रसंग घ्या. इंटरॲक्टिव्ह व्हिडिओ थांबतो आणि विचारतो, "आधी काय कराल?" चुकीचं उत्तर दिलं की लाल फुली, "पुन्हा प्रयत्न करा", आणि उरलेला व्हिडिओ जसाच्या तसा. बरोबर आणि चूक, दोघांनाही शेवट एकच दिसतो. शिकणाऱ्याच्या निर्णयाने पडद्यावर काहीच बदललं नाही.

सिम्युलेशनमध्ये सुपरवायझर मागून म्हणतो, "आवर ना भाऊ, गाडी दारात उभी आहे." तुम्ही मोटर बंद करून थेट हात घालायचं निवडता. चांगलं सिम्युलेशन इथे फुली दाखवत नाही. जॉब निघतो, प्रेस सुरू होते, सुपरवायझर खूश. थोड्या वेळाने पुन्हा जॉब अडकतो आणि आता तुमच्या हाताला तीच सवय लागलेली असते. मेकॅनिकल प्रेसची मोटर बंद केली तरी फ्लायव्हील, म्हणजे तिचं जड चाक, काही वेळ फिरतच राहतं. त्यात साठलेली ऊर्जा स्लाइडला, म्हणजे प्रेसच्या वर-खाली होणाऱ्या भागाला, खाली आणू शकते. म्हणून फ्लायव्हील पूर्ण थांबू द्यायचं, कोणी प्रेस सुरू करू नये म्हणून स्विचला कुलूप आणि टॅग लावायचा, स्लाइडखाली टेकू म्हणून सेफ्टी ब्लॉक ठेवायचा, आणि मगच हात घालायचा. दुसऱ्या वेळी हे टाळलं तर काय होतं, ते सिम्युलेशन दाखवतं.

शॉर्टकट पहिल्यांदा यशस्वी होतो, हाच माझ्या मते कळीचा मुद्दा. शेडमध्ये नेमकं तसंच घडतं, म्हणून तर माणसं शॉर्टकट मारतात. दर चुकीला लगेच फुली देणारा कोर्स हा धोका शिकवूच शकत नाही.

तपासायची सोपी पद्धत: मुद्दाम सगळी चुकीची उत्तरं द्या. शेवटचं दृश्य तेच आलं तर तो इंटरॲक्टिव्ह व्हिडिओ, मग डबीवर काहीही लिहिलेलं असो. यात एक फसवा प्रकारही आहे. निवडीनंतर दहा सेकंदांची वेगळी क्लिप येते आणि सगळे पुन्हा त्याच जागी येऊन उभे राहतात. आधी काय निवडलं होतं हे पुढच्या दृश्याला माहीतच नसतं. हेही सिम्युलेशन मानू नका.

वेगवेगळ्या निवडींच्या वाटा पुढे एकत्र आणाव्या लागतात, हे मान्य. तीन ठिकाणी तीन-तीन पर्याय दिले तर २७ शेवट होतात, तेवढं शूटिंग कोण करणार? पण वाटा जुळवताना मागची निवड लक्षात ठेवायलाच हवी. तीनच निर्णयांचं नीट बांधलेलं सिम्युलेशन मला चाळीस मिनिटांच्या क्लिकबाजीपेक्षा कधीही चालेल.

सॉफ्टवेअरचा फार बाऊ नको. एच५पी या कोर्स बनवायच्या साधनात इंटरॲक्टिव्ह व्हिडिओ आणि ब्रांचिंग सिनॅरिओ (निवडीप्रमाणे वाट बदलणारा प्रसंग) असे दोन वेगळे प्रकार आहेतच. कोर्समधली नोंद रिपोर्टपर्यंत पोचवण्याच्या ठरलेल्या पद्धती असतात. रिपोर्टमध्ये फक्त "पूर्ण" आणि गुण हवे असतील तर त्यातलं जुनं स्कॉर्म चालतं. कोणी कोणती वाट धरली हे नीट बघायचं असेल तर त्यातलं नवं एक्सएपीआय मागा.

आणि कृपा करून परदेशातल्या चकचकीत कारखान्याचं विकतचं फुटेज लावू नका. आपल्याच शेडमध्ये, आपल्याच प्रेसवर शूट करा. हिंदी बोलणारे कामगार असतील तर आवाज हिंदीतही द्या. "आवर ना भाऊ" हे वाक्य खऱ्या सुपरवायझरकडूनच म्हणून घ्या, कारण ऑपरेटर दबतो तो त्याच आवाजाला.