राउटर काय म्हणतोय ते वाचा

घरातल्या वायफायच्या डब्यालाही आपण राउटरच म्हणतो, पण त्याची सेटिंग ब्राउझरमध्ये एक पान उघडून उरकते. ऑफिसच्या रॅकमध्ये बसलेल्या राउटरला मात्र बहुधा काळ्या पडद्यावर कमांड टाइप करूनच कामाला लावावं लागतं. नव्याने शिकणाऱ्याला वाटतं की इथे शेकडो कमांड पाठ करायच्या आहेत. खरं तर कमांड राउटर स्वतःच सांगतो. शिकायचं असतं ते त्याचं उत्तर वाचायला. बहुतेक रखडपट्टी ते न वाचताच पुढची कमांड हाणल्यामुळे होते.

उदाहरणाला सिस्को कंपनीचा १९४१ हा राउटर घेऊ. स्टॅनफर्ड विद्यापीठात काम करणाऱ्या लेनर्ड बोझॅक आणि सँडी लर्नर या जोडप्याने १९८४ साली ही कंपनी काढली. तिच्या आयओएस या प्रणालीतली कमांडची धाटणी इतकी रुळली की इतर काही कंपन्यांची यंत्रंही तशाच वळणाने बोलतात. १९४१ आता जुना झालाय, पण सरावाला झकास. दोन गिगाबिट पोर्ट आहेत आणि सिस्कोच्या पॅकेट ट्रेसर या फुकट सॉफ्टवेअरमध्ये तो मिळतो, त्यामुळे खरा राउटर विकत घ्यायची गरज नाही. कमांड अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या. इथे त्या उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत.

खऱ्या राउटरला पहिल्यांदा हात लावताना नेटवर्कची केबल चालत नाही, कारण त्याला अजून आयपी पत्ताच, म्हणजे नेटवर्कवरचा क्रमांकच, नसतो. त्यासाठी कन्सोल पोर्ट असतो. फिकट निळी, चपटी रोलओव्हर केबल एका टोकाने कन्सोलमध्ये आणि दुसऱ्या टोकाने, यूएसबी अडॅप्टर लावून, लॅपटॉपमध्ये. पुटी या टर्मिनल प्रोग्राममध्ये ‘सीरियल’ निवडा, विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसतो तो कॉम पोर्टचा क्रमांक घाला आणि वेग ९६०० ठेवा. ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट, फ्लो कंट्रोल बंद. पडदा कोरा दिसला तर आधी एंटर दाबा. तरीही काही नाही, तर कॉम क्रमांक चुकलाय किंवा केबल शेजारच्या ऑक्स पोर्टमध्ये गेलीय. दोन्ही खाचा दिसायला सारख्याच असतात. अक्षरांऐवजी चित्रविचित्र चिन्हं आली तर केबल ठीक आहे, वेग जुळलेला नाही.

नवा राउटर सुरू होताच विचारतो की सुरुवातीच्या कॉन्फिगरेशनची प्रश्नोत्तरं करायची का. ‘नो’ म्हणा. त्या प्रश्नोत्तरांतून शिकायला काहीच मिळत नाही. मग ‘राउटर>’ अशी ओळ येते. हा प्रॉम्प्ट, आणि आपण कुठे उभे आहोत ते तो दर वेळी सांगतो. शेवटी ‘>’ असेल तर आपण उंबऱ्याबाहेर आहोत, थोडंफार बघता येतं इतकंच. ‘एनेबल’ टाइप केलं की ‘#’ येतं. आता सगळं बघता येतं, राउटर बंद-चालूही करता येतो. बदल करायचे तर ‘कॉन्फिगर टर्मिनल’. मग नावापुढे कंसात ‘कॉन्फिग’ दिसतं. त्यातून एखाद्या पोर्टच्या सेटिंगमध्ये शिरलं की कंसात ‘कॉन्फिग-आयएफ’. ‘एक्झिट’ने एक पायरी मागे, कंट्रोल-झेडने थेट ‘#’वर. बरोबर लिहिलेली कमांड राउटर नाकारतो तेव्हा पहिला संशय याच पायरीचा घ्यावा. ‘शो’च्या कमांड कॉन्फिग पायरीवर चालत नाहीत; तिथे त्यांच्यापुढे ‘डू’ लावावा लागतो.

पाठांतर का लागत नाही, तर ‘?’ या चिन्हामुळे. ‘शो ?’ लिहिलं की ‘शो’नंतर काय काय चालतं त्याची यादी येते. ‘आयपी ॲड्रेस ?’ लिहिलं की इथे पत्ता हवाय असं कळतं. टॅब दाबला की अर्धा शब्द पूर्ण होतो, आणि अर्थ एकच निघत असेल तर पूर्ण करायचीही गरज नाही. ‘कॉन्फिगर टर्मिनल’ला सगळे ‘कॉन्फ टी’च म्हणतात. चूक झाली तर राउटर तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगतो. ‘ॲम्बिग्युअस’ म्हणजे इतक्या अक्षरांनी दोन-तीन कमांड सुरू होतात, अजून एखादं अक्षर द्या. ‘इनकम्प्लीट’ म्हणजे लिहिलं ते बरोबर, पुढे आणखी काही हवंय. ‘इनव्हॅलिड इनपुट’बरोबर ओळीखाली ‘^’ अशी छोटी टोपी येते आणि ती नेमक्या चुकलेल्या अक्षराखाली असते. टोपीच्या डावीकडचं सगळं बरोबर आहे, टोपीपासून उजवीकडचं तेवढं बघायचं.

एक चूक मात्र सगळ्यांना छळते. ‘#’वर ‘शो’ऐवजी काहीतरी भलतंच एक शब्दाचं टाइप झालं की राउटर कितीतरी सेकंद गप्प बसतो. तो अडकलेला नसतो. अनोळखी शब्द म्हणजे एखाद्या यंत्राचं नाव असेल असं समजून तो त्याचा पत्ता शोधायला २५५.२५५.२५५.२५५ वर, म्हणजे सगळ्यांनाच, हाका मारत असतो. कंट्रोल-शिफ्ट-६ ने सोडवा आणि कॉन्फिगमध्ये ‘नो आयपी डोमेन-लुकअप’ देऊन हा त्रास कायमचा मिटवा. अनुभवी माणसं नव्या राउटरवर ही ओळ सगळ्यात आधी घालतात.

आता दोन राउटर घेऊ. ‘होस्टनेम’ कमांडने एकाला पुणे, दुसऱ्याला नाशिक नाव द्या. पुण्याच्या मागे १९२.१६८.१०.० चं नेटवर्क, नाशिकच्या मागे १९२.१६८.२०.० चं, दोन्हीकडे मास्क, म्हणजे पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा ते सांगणारा आकडा, २५५.२५५.२५५.०. प्रत्येक बाजूला एक स्विच आणि एक पीसी. पीसींचे पत्ते १९२.१६८.१०.१० आणि १९२.१६८.२०.१०. राउटर एकमेकांना जोडायला १०.०.०.० हे चारच पत्त्यांचं नेटवर्क, मास्क २५५.२५५.२५५.२५२. त्यातला पहिला पत्ता नेटवर्कचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा. उरले दोन, आणि दोन राउटरांना दोनच लागतात. पॅकेट ट्रेसरमध्ये राउटर ते राउटर क्रॉसओव्हर केबल घ्या, राउटर ते स्विच साधी.

पुण्यावर: ‘इंटरफेस गिगाबिटइथरनेट ०/०’, मग ‘आयपी ॲड्रेस १९२.१६८.१०.१ २५५.२५५.२५५.०’, मग ‘नो शटडाउन’. ही तिसरी कमांड विसरणं ही नवशिक्याची हमखास चूक. स्विचचे पोर्ट आपसूक चालू असतात, राउटरचे कुणीतरी चालू करेपर्यंत बंद. ०/१ वर १०.०.०.१. नाशिकवर तेच, ०/० ला १९२.१६८.२०.१ आणि ०/१ ला १०.०.०.२. ‘बॅड मास्क’ असं उत्तर आलं तर बहुधा शेवटी १ ऐवजी ० पडलाय आणि आपण पोर्टला अख्ख्या नेटवर्कचाच पत्ता देऊ पाहतोय. ‘ओव्हरलॅप्स’ आलं तर तेच नेटवर्क दुसऱ्या पोर्टवर आधीच दिलंय.

मग ‘शो आयपी इंटरफेस ब्रीफ’. रोजच्या कामात सगळ्यात जास्त हीच कमांड लागते. पोर्टसमोर दोन रकाने असतात, स्टेटस आणि प्रोटोकॉल. ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्हली डाउन’ म्हणजे ‘नो शटडाउन’ राहिलंय. नुसतं ‘डाउन’ आणि ‘डाउन’ म्हणजे केबल निघालीय, चुकीची आहे, किंवा पलीकडचं यंत्र बंद आहे. ‘अप’ आणि ‘अप’ दिसेपर्यंत पुढे जाण्यात अर्थ नाही.

आता खरी गंमत. पुण्याच्या पीसीवरून नाशिकच्या पीसीला पिंग केलं, म्हणजे ‘आहेस का?’ अशी हाक मारली, तर उत्तर येतं ‘रिप्लाय फ्रॉम १९२.१६८.१०.१, डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’. हे कोण बोलतंय ते बघा: आपलाच पुण्याचा राउटर. २०चं नेटवर्क कुठे आहे ते त्याला ठाऊक नाही. ‘शो आयपी राउट’ केलं तर त्याच्या यादीत ‘सी’ अक्षराने सुरू होणारी दोनच नेटवर्कं दिसतात, म्हणजे थेट जोडलेली. सोबतच्या ‘एल’च्या ओळी त्याच्या स्वतःच्या पोर्टांच्या. यादीत नाही ते नेटवर्क राउटरच्या लेखी जगातच नाही. तिथे जाणारं पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, तो टाकून देतो. म्हणून रस्ता सांगायचा: ‘आयपी राउट १९२.१६८.२०.० २५५.२५५.२५५.० १०.०.०.२’. वीसला जायचं तर नाशिकच्या हाती द्या, एवढाच त्याचा अर्थ. यादीत ‘एस’ने सुरू होणारी ओळ आली.

पुन्हा पिंग. अजूनही जात नाही, पण उत्तर बदललंय: ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’. बरेच जण इथे पुण्याच्या राउटरवरच डोकं आपटत बसतात. पण आता पुण्याचा राउटर तक्रार करत नाहीये, त्याने पॅकेट पुढे दिलंय. पॅकेट नाशिकच्या पीसीपर्यंत पोहोचलं, त्याने उत्तरही दिलं, आणि ते उत्तर नाशिकच्या राउटरने टाकून दिलं, कारण १९२.१६८.१०.० चं नेटवर्क त्याच्या यादीत नाही. जाण्याचा रस्ता दाखवला, परतीचा राहिला.

त्यातच आणखी एक फसगत होते. खात्री करायला पुण्याच्या राउटरवरून नाशिकच्या पीसीला पिंग करावं, तर ते जातं! पाच उद्गारचिन्हं, म्हणजे पाच उत्तरं, येतात आणि माणूस म्हणतो, नेटवर्क ठीक आहे, पीसीच बिघडलाय. पण राउटर स्वतः पिंग पाठवतो तेव्हा पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून बाहेर पडणाऱ्या पोर्टचा पत्ता लावतो, म्हणजे १०.०.०.१. तो नाशिकला थेट जोडलेला, त्यामुळे उत्तर बिनबोभाट परत येतं. खरी परीक्षा घ्यायची तर नुसतं ‘पिंग’ लिहून एंटर मारा, विचारेल त्या प्रश्नांत एक्स्टेंडेड कमांडना ‘येस’ म्हणा आणि सोर्स म्हणून १९२.१६८.१०.१ द्या. आता पाच टिंबं येतील, म्हणजे एकही उत्तर नाही. नाशिकवर ‘आयपी राउट १९२.१६८.१०.० २५५.२५५.२५५.० १०.०.०.१’ घातलं की दोन्ही पीसी बोलायला लागतात. पीसींना डिफॉल्ट गेटवे, म्हणजे आपापल्या राउटरचा पत्ता, दिलाय ना, तेही पाहा. तो नसेल तर पीसी आपल्या नेटवर्कबाहेर काही पाठवतच नाही.

पहिल्यांदा चालू झाल्यावर आधीचं एखाददुसरं पिंग वाया जातं, त्याने घाबरू नका. पलीकडच्या यंत्राचा हार्डवेअर पत्ता विचारून घेईपर्यंत राउटर ते पॅकेट सोडून देतो. राउटरवर एक टिंब आणि चार उद्गारचिन्हं म्हणजे ८० टक्के यश दिसलं तरी सगळं ठीक आहे. दुसऱ्यांदा करा, शंभर टक्के येईल.

सुरक्षेचं थोडक्यात. ‘एनेबल पासवर्ड’ नको, ‘एनेबल सीक्रेट’ वापरा. पहिला साध्या अक्षरांत साठतो, आणि ‘सर्व्हिस पासवर्ड-एन्क्रिप्शन’ने झाकला तरी तो उलगडणारी साधनं कुणालाही मिळतात. दुरून काम करायला सगळं उघड्या अक्षरांत पाठवणाऱ्या टेलनेटऐवजी ते कूटात पाठवणारं एसएसएच. त्यासाठी ‘युजरनेम’ आणि त्याचं ‘सीक्रेट’, ‘आयपी डोमेन-नेम’, ‘क्रिप्टो की जनरेट आरएसए’ देऊन २०४८ बिट, मग दुरून येणाऱ्या जोडण्यांच्या ‘लाइन व्हीटीवाय ० ४’मध्ये ‘लॉगिन लोकल’ आणि ‘ट्रान्सपोर्ट इनपुट एसएसएच’. होस्टनेम बदललेलं नसेल तर किल्ली तयार होत नाही. आणि एनेबल सीक्रेट ठेवलंच नसेल तर एसएसएचने आत आलेल्या साध्या युजरला ‘#’पर्यंत जाता येत नाही, ‘नो पासवर्ड सेट’ म्हणून राउटर हात वर करतो.

केलेला प्रत्येक बदल त्या क्षणी लागू होतो, पण राहतो फक्त रॅममध्ये. वीज गेली की गेला. ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’ दिलं की तो एनव्हीरॅममध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत, उतरतो. हा दोष वाटतो, पण त्याचा उपयोगही होतो. समजा दुसऱ्या गावच्या राउटरवर एसएसएचने काम करताय आणि चुकीच्या एका ओळीने आपलाच रस्ता तुटू शकतो. आधी ‘रीलोड इन १०’ द्या आणि सेव्ह न करता बदल करा. संपर्क तुटला तर दहा मिनिटांत राउटर स्वतःहून बंद-चालू होऊन जुन्या कॉन्फिगरेशनवर येतो. सगळं नीट झालं तर ‘रीलोड कॅन्सल’, मग सेव्ह. ‘कॅन्सल’ विसरलात तर भर दुपारी ऑफिसचं नेट जाईल, तेव्हा घड्याळावर नजर हवी. लहान इंटरनेट पुरवठादारांकडे दिसणाऱ्या मायक्रोटिकमध्ये हीच सोय कंट्रोल-एक्स दाबून सेफ मोडमध्ये मिळते, आणि तिथे बंद-चालू करावंही लागत नाही.

पासवर्डच हरवला तर पुन्हा निळी केबल. राउटर चालू केल्यावर पहिल्या ६० सेकंदांत ब्रेक, म्हणजे चालू काम थांबवणारा इशारा, पाठवा. लॅपटॉपवर ब्रेकची कळ नसते, पण पुटीच्या स्पेशल कमांडच्या यादीत तो सापडतो. ‘रॉममॉन’चा, म्हणजे आयओएस सुरू होण्याआधीच्या छोट्या प्रोग्रामचा, प्रॉम्प्ट येईल. तिथे ‘कॉनफ्रेग ०एक्स२१४२’ देऊन कॉन्फिगरेशन रजिस्टर, म्हणजे राउटरने कसं उठायचं ते ठरवणारा आकडा, बदला आणि मग ‘रीसेट’. आता राउटर एनव्हीरॅमकडे दुर्लक्ष करून कोरा उठतो आणि ‘एनेबल’ला पासवर्ड मागत नाही. इथे कॉपीची दिशा जपा: स्टार्टअपवरून रनिंगवर. उलट केलंत तर कोरं कॉन्फिगरेशन जुन्यावर उतरेल आणि सगळं पुसलं जाईल. नवं ‘एनेबल सीक्रेट’ द्या. मग ‘शो आयपी इंटरफेस ब्रीफ’ पाहिलंत तर पत्ते परत आलेत, पण सगळे पोर्ट ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्हली डाउन’. कारण रनिंगमध्ये केलेली कॉपी आधीच्या ओळी पुसत नाही, त्यांच्यात मिसळते, आणि ‘नो शटडाउन’ ही ओळ साठवलेल्या फायलीत कधी लिहिलेलीच नसते. एकेका पोर्टवर ती पुन्हा द्या. शेवटी ‘कॉन्फिग-रजिस्टर ०एक्स२१०२’, सेव्ह, आणि ‘शो व्हर्जन’ची अगदी शेवटची ओळ: रजिस्टर अजून २१४२ आहे, पुढच्या रीलोडला २१०२ होईल, असं तिथे लिहिलेलं दिसलं की केबल काढायला हरकत नाही.