‘पुढे काय हवंय?’ – ‘माहीत नाही’

थेरपीच्या खोलीत ‘पुढे काय हवंय तुम्हाला?’ असं विचारलं की पुष्कळदा एकच उत्तर येतं: ‘माहीत नाही.’ समोरचा टाळतोय असं वाटतं. बहुधा तसं नसतं. त्याला पुढचं खरोखरच दिसत नसतं.

उद्याचं चित्र रंगवायला मेंदू कालच्याच आठवणींचा माल वापरतो. २००७ साली मेंदूसंशोधक डेमिस हसाबिस, एलिनॉर मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिप्पोकॅम्पसला (मेंदूतल्या आठवणी घडवणाऱ्या भागाला) इजा होऊन स्मृती गेलेल्या पाच जणांना एक सोपं काम दिलं: समुद्रकिनाऱ्यावर पहुडला आहात, काय काय दिसतंय ते सांगा. बहुतेकांच्या वर्णनात सुटे तुकडे होते, त्यांचं सलग दृश्य काही होईना. (हेच हसाबिस २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी.)

नैराश्यात मेंदूला अशी इजा झालेली नसते, पण आठवणी मोघम होतात. ‘तेव्हा बरं होतं’ एवढं आठवतं, नेमका एखादा दिवस आठवत नाही. मग उद्याही मोघमच दिसतो. मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू मॅक्लाउड यांच्या अभ्यासांत तर आत्महत्येचा प्रयत्न केलेल्यांच्या मनात भविष्यातल्या वाईट गोष्टी इतरांपेक्षा जास्त आढळल्या नाहीत. चांगल्या गोष्टी मात्र कमी सुचत होत्या. ‘वाईट विचार सोडून दे’ हा सल्ला का लागू पडत नाही, ते यावरून कळावं.

म्हणून थेरपिस्ट ध्येय थेट विचारत नाही, दृश्य विचारतो. स्टीव्ह डी शेझर आणि इन्सू किम बर्ग या जोडप्याने मिल्वॉकीत विकसित केलेल्या पद्धतीतला ‘चमत्काराचा प्रश्न’ प्रसिद्ध आहे: समजा, आज रात्री झोपेत चमत्कार झाला आणि तुमची अडचण सुटली. तुम्हाला त्याचा पत्ता नाही. सकाळी कशावरून कळेल? पहिलं उत्तर ‘बरं वाटेल’ असंच येतं. खरं काम त्यानंतरचं. बरं वाटलं की आधी काय कराल? घरात कोणाच्या लक्षात येईल? कशावरून? मग शून्य ते दहाच्या पट्टीवर आज कुठे आहात, हा प्रश्न. कोणी ‘तीन’ म्हणालं, तर ‘दहा का नाही?’ असं न विचारता ‘शून्य का नाही?’ असं विचारतात. मला ही उलटी चाल चमत्कारापेक्षाही हुशार वाटते.

‘चिडायचं नाही’, ‘रडायचं नाही’ अशी ध्येयंही येतात. मानसशास्त्रज्ञ ऑग्डेन लिंड्सली यांची १९६५ ची कसोटी इथे कामी येते: जे मेलेल्या माणसालाही जमेल, ते ध्येय नव्हे. प्रेत कधीच चिडत नाही. मग चिडण्याऐवजी काय कराल?

नुसती मनोराज्यंही उपयोगाची नाहीत. वजन कमी करू पाहणाऱ्या स्त्रियांच्या १९९१ मधल्या अभ्यासात, मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगेन यांना दिसलं की गोड स्वप्नं रंगवणाऱ्यांचं वजन इतरांपेक्षा कमीच घटलं. त्यामुळे इच्छेपाठोपाठ आड येणारा अडथळाही विचारायचा आणि त्याला ‘असं झालं, तर मी तसं करीन’ असं वाक्य जोडायचं.

कधी चमत्काराच्या प्रश्नाला ‘माझा नवरा परत आलेला असेल’ असं उत्तर येतं. इथे घाई केली की सगळं फसतं. आधी गप्प बसावं लागतं, बराच वेळ. मग कधीतरी विचारता येतं: त्या सकाळी तुम्ही दोघं काय केलं असतं? ‘टेकडीवर फिरायला गेलो असतो.’ कोणती टेकडी, कुठल्या वाटेने, वाटेत कोण भेटायचं, असं बोलणं तिथून सुरू होतं.