बिदागी, मानधन, ऐच्छिक देणगी : घरगुती बैठकीची पार्श्वभूमी

गाण्याच्या घरगुती बैठकीच्या आमंत्रणात हल्ली तळाशी एक ओळ हमखास असते : ‘प्रवेश विनामूल्य. ऐच्छिक देणगीचे स्वागत.’ पुण्या-मुंबईकडच्या दिवाणखान्यांत अशा बैठका पुन्हा होऊ लागल्या आहेत, आणि या ओळीवरून गाणारे व बोलावणारे यांच्यात धुसफूसही चालू आहे. ती समजून घ्यायची तर ‘ऐच्छिक’ आला कुठून हे बघावं लागतं. आणि गवई या घरातून त्या घरात पोचत कसा होता, कोणाच्या खर्चाने, हेही.

संस्थानी आश्रयाचा काळ सगळ्यांना ठाऊक आहे, तो इथे उगाळत नाही. दरबारी गवयाला पोटासाठी सतत फिरावं लागत नसे. संगीत नाटकांच्या काळात गाणारा नट भरपूर फिरला, पण कंपनीच्या बिऱ्हाडासकट. रेल्वेचं भाडं, मुक्काम, आचारी, सगळं मालकाकडे. १९३२ साली मराठी बोलपट आला, कंपन्या एकेक करून बसत गेल्या आणि गाणाऱ्याला वाट स्वतःची स्वतः काढावी लागली. तिकीट लावून जाहीर जलसा करण्याची प्रथा तोवर जुनी झाली होती, पण ती मोठ्या शहरांची. तालुक्याच्या गावात नाट्यगृहही नसे आणि तिकीट काढणारेही नसत. तिथे वकिलाची नाहीतर डॉक्टरची माडी असे, जाजम असे आणि वीस-पंचवीस दर्दी असत. बैठक तिथे रुजली.

या फिरतीचं नाकं म्हणजे मिरज. पुण्याहून दक्षिणेला आणि लोंढा, कॅसलरॉकमार्गे गोव्याकडे जाणारी मीटरगेज तिथूनच जाई. तानपुरे करणारी घराणी तिथेच, दर्ग्याच्या उरुसातलं गाणंही तिथेच. पुणे–मिरज मार्ग १९७१ साली ब्रॉडगेज झाला. त्याआधी मिरजेत गाडी चुकली म्हणजे एखाद्या तंतुवाद्यवाल्याच्या दुकानात रात्र काढायची, हे ठरलेलं. १ जून १९४८ ला पुणे–अहमदनगर रस्त्यावर एसटीची पहिली गाडी धावली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत रेल्वे न पोचलेली गावंही बैठकीच्या टप्प्यात आली. पण तानपुरा एसटीत न्यायचा म्हणजे गवसणीत घालून मांडीवर आडवा, आणि शेजारच्याची बोलणी खात. टपावर टाकला तर भोपळा शाबूत पोचेल याची खात्री नाही. कोकणात दमट हवेने तबल्याचा सूर उतरायचा, सोलापूरकडे कोरड्या हवेत त्याची शाई (वरचा काळा लेप) तडकायची. सत्तर-ऐंशीच्या दशकांत इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची पेटी आली तेव्हा शुद्धतावाद्यांनी नाकं मुरडली. फिरणाऱ्यांनी मात्र ती मुकाट्याने पिशवीत टाकली.

मिरजेला घर केलेले किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँ २७ ऑक्टोबर १९३७ ला मद्रासहून पाँडिचेरीकडे जाताना सिंगपेरुमाळकोविल या लहानशा स्टेशनावर उतरले आणि तिथल्या फलाटावरच त्यांनी प्राण सोडला. ही आठवण नेहमी भक्तिभावाने सांगितली जाते. पासष्टीच्या घरातला, प्रकृती बरी नसलेला माणूस रात्रीच्या गाडीने गावोगाव हिंडत होता, हा तिचा दुसरा भाग सहसा कोणी सांगत नाही.

आता पैशाचा शब्द. बिदा म्हणजे निरोप, आणि बिदागी म्हणजे निरोप देताना हातावर ठेवायचं ते. म्हणजे रक्कम आधी ठरवायची नाही आणि मोजायची तर नाहीच. पाकिटात ५१ की १०१, हे एसटीत बसल्यावर कळायचं. जाण्यायेण्याचं भाडं त्यात धरलं आहे की वेगळं, हे विचारणं गवयाला कमीपणाचं वाटे आणि सांगणं यजमानाला सुचत नसे. भैरवी झाल्यावर मध्यरात्री पिठलं-भात, झोपायला माडी, आणि सकाळी चहाला रात्री न आलेली चार माणसं : ‘बुवा, एक चीज होऊन जाऊ द्या की.’ ही सकाळची दुसरी बैठक फुकट असे. पाहुणचाराच्या ओझ्याखाली नाही म्हणणं जमत नसे. या काळाबद्दल हळवं होऊन बोलणाऱ्यांत यजमानांची मुलं-नातवंडं पुष्कळ भेटतात, साथीदारांची फारशी नाहीत. तबलजीला बिदागी वेगळी द्यायची की बुवांनी आपल्यातून, याचा नियम नव्हता, आणि नियम नसला की मार तबलजीलाच बसे.

याच रस्त्यांवर दुसरा एक शब्द चालत होता : सुपारी. जत्रांचा हंगाम जवळ आला की तमाशाचे फडमालक नारायणगावात राहुट्या टाकून बसतात, गावोगावचे यात्रेचे पंच येतात, तारीख आणि रक्कम ठरते, उचल दिली जाते. मालमोटारीचं डिझेल, कलावंतांचं जेवण, वाटेतली मोडतोड, सगळं त्या आकड्यात धरलेलं असतं. शास्त्रीय गाणाऱ्यांनी हा शब्द कायम हिणवला. तरी फिरतीचा खर्च कोणाचा, या प्रश्नाला सरळ उत्तर त्या हिणवलेल्या शब्दातच होतं, बिदागीत नव्हतं.

पुढे बिदागीची जागा मानधनाने घेतली. आकाशवाणीची श्रेणी आणि करारपत्र हातात पडल्यापासून कलावंताला आपला आकडा सांगायची थोडी सवय झाली. संगीत मंडळांनीही तेच केलं. घरात मात्र मधलीच तडजोड झाली : यजमान मानधन ठरवणार आणि ते येणाऱ्यांकडून गोळा करणार. पण तिकीट लावायचं नाही. का नाही? उत्तर संस्कृतीत कमी आणि कायद्यात जास्त आहे. मुंबई प्रांताचा करमणूक कर कायदा १९२३ चा. प्रवेशासाठी पैसे घेतले की कर, आणि ‘प्रवेशासाठी’ची व्याख्या ऐसपैस. शिवाय १९५१ च्या पोलीस कायद्याखाली सार्वजनिक करमणुकीच्या जागेला परवाना. आपला दिवाणखाना या व्याख्येत जाईल, या धास्तीने लोकांनी तिकिटाची ‘देणगी प्रवेशिका’ केली, फुकट पासाची ‘सन्मानिका’ केली, आणि घरातल्या बैठकीसाठी ‘ऐच्छिक देणगी’ काढली. अट नाही म्हणजे प्रवेशमूल्य नाही, असा हिशेब.

हा हिशेब तेव्हा शहाणपणाचा होता. पण १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला आणि जुना करमणूक कर त्यात विरला. नव्या व्यवस्थेत संगीताच्या कार्यक्रमाचं दरडोई प्रवेशमूल्य आधी २५० रुपयांपर्यंत आणि जानेवारी २०१८ पासून ५०० रुपयांपर्यंत करमुक्त ठरलं. शास्त्रीय आणि लोककलेच्या सादरीकरणाबद्दल कलावंताला मिळणाऱ्या दीड लाखापर्यंतच्या मोबदल्यालाही सूट मिळाली. चाळीस माणसांच्या बैठकीला एवढं पुरून उरतं. कराच्या बाजूने पळवाटेची गरज जवळजवळ संपली, शब्द मात्र राहिला, कारण मधल्या काळात तो कोणाच्या तरी सोयीचा झाला होता. चाळीस जण येतात, पंचवीस जण पाकीट टाकतात, आणि पुण्याहून कोल्हापूरला तिघांना घेऊन गेलेल्या मोटारीचं भाडं कलावंताच्या वाट्यातून जातं. काही आयोजक म्हणतात, ऐच्छिक ठेवलं की विद्यार्थी येतात. ते खरंही आहे. पण विद्यार्थ्याची सवलत कलावंताने का सोसायची, याचं उत्तर मी अजून ऐकलेलं नाही.

बैठका पुन्हा वाढण्यामागे आणखी एक कायदा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक बंद केला. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्बंध उचलून धरला. रात्रभर चालणारे मंडपातले महोत्सव आवरते झाले, मालकंस-दरबारीसारखे रात्रीचे राग संध्याकाळीच उरकायची पाळी आली. बंद दाराआड, ध्वनिवर्धकाशिवाय बसलेल्या चाळीस जणांना मात्र हा नियम लागत नव्हता. रात्रीचे राग रात्री ऐकायचे तर घरच उरलं.

परदेशात ही प्रथा वेगळ्या वाटेने पोचली. अमेरिकेने १९६५ मध्ये स्थलांतराचा कायदा बदलल्यावर तिथे मराठी घरं वाढली, आणि त्या घरांची तळघरं हीच तिथली माडी. कलावंतांना जाता येतं ते बहुधा १९९० च्या कायद्याने निर्माण केलेल्या पी-३ व्हिसावर, ‘सांस्कृतिकदृष्ट्या वैशिष्ट्यपूर्ण’ कार्यक्रमासाठी. बैठका शुक्रवार ते रविवार. सोमवार ते गुरुवार यजमान कामावर, आणि गवई पाहुण्यांच्या खोलीत, स्वतःची गाडी नसलेल्या उपनगरात. तिथेही मानधन बैठकीचं ठरतं, मधल्या चार दिवसांचं नाही. विमानात तंबोरा नेण्याचा प्रश्न एसटीइतकाच जुना वाटतो, फक्त भाडं डॉलरमध्ये.

गेल्या पंधरा वर्षांत तरुण, बहुतेक गिटारवाल्या गायकांची घरातली मैफल आली, तिचा धागा लंडनमध्ये २००९ साली सुरू झालेल्या एका उपक्रमाशी आहे : पत्ता ऐनवेळी कळवायचा, बसायचं जमिनीवर, मोबाइल खिशात. जमिनीवर बसण्याचं नावीन्य आपल्याकडे कोणाला वाटावं याची मौज आहे. या मंडळींनी एक गोष्ट मात्र आणली. पैसे आधी आणि ऑनलाइन, आकडा छापलेला. २०२० च्या टाळेबंदीत शास्त्रीय गाणाऱ्यांनाही ऑनलाइन मैफलींमुळे ती सवय लागली.

आता काही बैठकांच्या आमंत्रणांत दोन ओळी दिसतात. पहिलीत प्रवेशमूल्य आणि विद्यार्थ्यांची सवलत. दुसरीत, ‘कलावंत व साथीदारांचा प्रवासखर्च यजमानांकडून’. बाकी बहुतेकांनी मात्र आकडा अजून छापलेला नाही.